अकराव्या दगडावरची हाक

सोमा, तुझ्या हाकेला मी ओ दिली नाही. बाकीचं मागून सांगते, पण आधी हे सांगून टाकते. तू गेल्यापासून हेच एक गळ्याशी अडकून बसलंय.

शोकसभा झाली तुझी. मुख्याध्यापकांनी तुझी जन्मतारीख, नोकरीची वर्षं, तुझ्या विषयाचा निकाल, सगळं कागदावरून वाचून दाखवलं. तू असतास तर मागच्या बाकावरून माझ्याकडे पाहून डोळे फिरवले असतेस. मग म्हणाले, बाईंनी दोन शब्द बोलावेत. मी माइकपुढे उभी राहिले नि तोंडाशी एकच शब्द आला, मेल्या. इतकी वर्षं मी तुला त्याच शब्दानं हाका मारल्या. मेल्या खडू कुठं ठेवलास, मेल्या डबा थंड होऊन राह्यला, मेल्या निवृत्त होऊ दे मला सुखानं. थोरल्या बहिणीनं लाडानं म्हणावा तसा शब्द. आता तो कोणत्या तोंडानं म्हणणार? मी तशीच खाली येऊन बसले. लोक म्हणाले, बाईंना फार लागलं. लागलंच रे.

तू आलास तेव्हा मी शाळेत जुनी झाले होते. नागभीडहून चिमूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत फुटलेला आपला रस्ता, एका बाजूला धानाच्या बांध्या, दुसऱ्या बाजूला सागाचं जंगल, आणि किलोमीटरच्या नवव्या दगडावर आपली शाळा. माझं घर चौथ्या दगडावर, तुझं चौदाव्या. तू अकरावीच्या वर्गाला केवल मूल्य शिकवायला घेतलंस तेव्हा पहिल्याच दिवशी फळ्यावर हाच रस्ता काढलास. |x − 9| = 5. "शाळेपासून पाच किलोमीटरवर राह्यते, एवढंच सांगतलं तं कोणाच्या घरी जासान?" एक पोट्टी म्हणाली, बाईंच्या. दुसरी म्हणाली, तुमच्या. "दोघी बी बरोबर," तू म्हणालास, "अंतर सांगते, दिशा नाई सांगत. म्हून केवल मूल्याची दोन घरं. एक पाहून परत आले तं मार्क कापीन." मी खिडकीतून ऐकत होते. मनात म्हटलं, पोरगं बरं दिसतं, फक्त भाषा सुधारायला हवी.

भाषा सुधारली नाहीच तुझी. आणि रीतही नाही. मी बीजगणिताची माणूस. ओळीखाली ओळ, बरोबरच्या चिन्हाखाली बरोबरचं चिन्ह, शेवटी ताळा. तू आलेखाचा. शाळेच्या अंगणात चुन्यानं अक्ष मारायचास, बुरुडाकडून बांबूच्या कमच्या आणायचास. दोन कमच्या तिरप्या टेकवल्या की केवल मूल्याचा आलेख झाला, टोक नवव्या खुणेवर. त्यावर आडवा दोर ताणायचास. दोर दोन ठिकाणी कमचीला लागला की तिथं दोन पोरं उभी. "पायलं? उत्तर डोळ्यानं दिसते. बाई एक पानभर लिहून जे काढतेत ते." पोट्टे हसायचे. मीही हसायचे, पण स्टाफरूममध्ये तुला सोडायची नाही.

आपलं खरं भांडण वर्गमुळावरून. √(x + 6) = x. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की x² − x − 6 = 0, उत्तरं 3 आणि −2. ताळा केला की 3 बसतो. −2 टाकलं तर डावीकडे 2 येतात, उजवीकडे −2, नाही जमत. वर्ग केला की चिन्ह मरतं, त्या गर्दीत एक खोटं उत्तर आत शिरतं. मी पोरांना लिहायला लावायची, "म्हणून −2 त्याज्य." तू वर्गात काय सांगितलंस? तर भूत! "हे −2 म्हणजे भूत हाये. सांजच्याला कोणी हाक मारली तं तुमची आजी काय सांगते?" सगळा वर्ग एका सुरात, "पहिल्या हाकेले ओ देऊ नोको!"

आपल्याकडे हे कोणाला सांगावं लागत नाही. जिवंत माणूस दोनदा हाक मारतो, ते दुसरं जे असतं ते एकदाच मारतं. म्हणून तर तुझी आई भर दुपारी दारातूनसुद्धा "सोमा, वो सोमा" अशी दोनदा हाक मारायची. तू तेच गणितात घुसवलंस. वर्ग करून आलेलं उत्तर ही पहिली हाक. मूळ समीकरणात टाकून पाहायचं. बसलं तर दुसरी हाक आली, ओ द्या. नाही बसलं तर गप राहा. सहामाहीला पेपर तपासताना एकीच्या पेपरात मला वाक्य सापडलं, "दुसरी हाक आली नाही म्हणून ओ दिली नाही." मी तो पेपर घेऊन तुझ्यावर तणतणत आले होते. म्हटलं, गणितात भुतंखेतं शिकवतोस, लाज नाही वाटत? तू पेपर वाचलास नि इतका हसलास की डब्यातली भाजी सांडली. "बाई, पण चुकली का ते?" नव्हती चुकली. मी अर्धा मार्क कापला होता, तो तुझ्यासमोर परत दिला.

मग त्या दुपारी. धानाची कापणी चालू होती, वर्गात पोरं कमी, आपण दोघं स्टाफरूममध्ये रिकामे बसलो होतो. मी परत "त्याज्य" काढलं. तुला त्या शब्दाचा राग. म्हणालास, "त्याज्य काऊन म्हणता बाई? ते आपल्या गावचं नाई, एवढंच. मुळाच्या आधी वजा लावून पाहा. −√(x + 6) = x. तिथी −2 बरोबर बसते. ते दुसऱ्या गावचं खरं उत्तर हाये. रस्ता चुकून आपल्याकडे आलं."

"कुठं आहे ते तुझं दुसरं गाव?" मी म्हटलं. "आलेखात दाखव. वर्गमुळाचा आलेख करायला कमची वाकवतोस, आणि वर्गमूळ ऋण नसतं म्हणून तिची खालची अर्धी फांदी तू स्वतः तोडतोस, आणि मग पोरांना सांगतोस भूत तोडलेल्या फांदीवर राहतं. न तोडलेली आणून दाखव. मग मानते."

तू गाडीची किल्ली उचललीस. "पायतो," म्हणालास. "जा, मेल्या," म्हणाले मी. वर मानही केली नाही, पेपर तपासत होते. आता कळलं ना, तो शब्द का अडकलाय?

संध्याकाळी एसटीची वाट पाहत मी शाळेतच होते. आपले शिपाई गोमाजीभाऊ कुलपं लावत होते, तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. कोण्या टेम्पोवाल्यानं शाळेच्या पाटीवरचा नंबर लावला होता. भाऊंचा चेहरा उतरला. "बाई, आपले गणिताचे सर पडले म्हणते गाडीवरून. शाळेपासून दोन किलोमीटर."

"कोणत्या बाजूला?"

"तेच सांगून राह्यला होता तं टावर गेला."

सांगायला लाज वाटते, पण मी ते मनात मांडलं. |x − 9| = 2. अकरा, नाहीतर सात. तू दुपारीच निघालेला, घरी चाललेला असणार, तुझं घर चौदाव्यावर. म्हणजे अकरा. मी भाऊंना म्हटलं, अकराव्याकडे चला. त्यांच्या गाडीवर मागं बसले.

त्या वेळी रस्त्यावर कोणी नसतं. कापणीवाल्या बायासुद्धा वाघाच्या भीतीनं घोळक्यानं उन्हं असतानाच परततात. अकराव्या दगडाशी भाऊंनी गाडी बंद केली. दगड होता, बाजूला एक मोहाचं झाड होतं, बस. गाडी नाही, टेम्पो नाही, तू नाहीस. मी जंगलाकडं तोंड करून ओरडले, "सोमा!"

आणि तू उत्तर दिलंस.

"बाई?"

जंगलाच्या बाजूनं. फार लांबून नाही. तुझा तोच "बाई", शेवटाला वर उचललेला, खडू हातात धरून स्टाफरूमच्या खिडकीत डोकं घालायचास तेव्हाचा. मला एवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! मी तोंड उघडलं आणि भाऊंनी माझं मनगट धरलं. या माणसानं इतक्या वर्षांत मला कधी हात लावला नव्हता.

"ओ देऊ नोका, बाई."

"अहो, सोमा आहे तो!"

"आसन. दुसरी येऊ द्या."

आम्ही उभे राहिलो. सागाची पानं तुला माहीत आहेत, सुपाएवढी, वाळली की ससा गेला तरी वाजतात. सगळं रान तसल्या पानांनी भरलेलं. एक पान वाजलं नाही, सोमा. हाक जिथून आली तिथं माणूस असता तर श्वास घेतला तरी कळलं असतं. दुसरी हाक आली नाही. भाऊंच्या खिशात मोबाइल वाजला आणि मी किंचाळले. टेम्पोवालाच होता. म्हणाला, कुठी आहा तुमी, मी सातव्या दगडाजवळ बसून आहो सरापाशी.

तू सातव्या दगडावर होतास. त्या भल्या माणसानं तुझ्या तोंडावर आपला दुपट्टा टाकला होता. डॉक्टर नंतर म्हणाले, गाडीवरच हृदय थांबलं, पडलास तेव्हा तू नव्हतासच. आम्ही आधी तिकडे गेलो असतो तरी काही झालं नसतं. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, बहुतेक माझ्याकडे पाहून. पण डॉक्टरसाहेबांना काय माहीत, की माझा प्रश्न तो नव्हताच. तू सातव्यावर निपचित पडलेला होतास, तर अकराव्यावरून मला हाक कोणी मारली?

मी गणिताची बाई. मी ताळे करून पाहिले. मोर असेल म्हटलं, मोर "बाई" म्हणत नाही. गुराखी असेल, तर पानं वाजली असती. माझे कान वाजले असतील, मग भाऊंनी काय ऐकलं? एकही बसलं नाही. आणि भाऊ सांगतात, आता सांज झाली की गुरं अकराव्या दगडापाशी अडतात, गुराखी शेपट्या पिळतात तरी पुढं पाय टाकत नाहीत. सातव्यावर मात्र काही नाही. जिथं तू गेलास तिथं बाया बिनघोर बसून शिदोरी खातात. जिथं तू नव्हतासच, तिथं गुरं थांबतात. आणि वाटतं, हे तुझंच गणित आहे. एक खरं उत्तर नि एक दुसऱ्या गावचं.

तेराव्यानंतर सुनीतानं मला विचारलं. तुझी बायको रडून रडून सुकली होती, पण प्रश्न सरळ होता. "बाई, घर इकडे असून ते तिकडे कशाले गेल्ते? गावात लोकं नाई नाई ते बोलून राह्यले." मी तिला तुमच्या घरच्या अंगणात नेलं. तुझ्या गाडीला सुतळीनं बांधलेलं ते मीच उतरवून ठेवलं होतं. बांबूची लांबलचक कमची, ओली करून वाकवलेली, बैलाच्या शिंगांसारखी दोन्ही फांद्या शाबूत. माझ्या गावच्या बुरुडाकडून तू ती करून घेतली होतीस आणि मी एसटीला निघायच्या आत दाखवायला परत शाळेकडं येत होतास. मी तिला सगळं भांडण सांगितलं. तिनं कमची हातात घेतली. मग म्हणाली, "म्हंजे भांडाले येत होते तुमच्याशी?"

"हो गं. भांडायलाच."

ती हसली रे. त्या घरात तेरा दिवसांत कोणी हसलं नव्हतं. हसता हसता कमची पोटाशी धरून खाली बसली. मग म्हणाली, "शेवटी कोणाले हाक मारली का त्यायनं?" मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात तेवढा वेळच मिळाला नाही. खोटं नव्हतं ते. पण खरंही सगळं नव्हतं, आणि ते मी अजून तिला सांगितलेलं नाही.

सुनीतानंच कमची माझ्या हाती दिली. "वर्गात दाखवा," म्हणाली. परवा तुझा वर्ग घेतला. अंगणात तुझे चुन्याचे अक्ष पुसट झाले होते, मी पुन्हा मारले. कमचीचा वाक −6 वर, एक फांदी वर, एक खाली. मधून तिरपा दोर ताणला, y = x. वरच्या फांदीला दोर 3 वर लागला, तिथं पोट्टी आनंदानं उभी राहिली. खाली −2 वर दोर दुसऱ्या फांदीला लागला. इतकी वर्षं तू ती फांदी तोडत आलास आणि इतकी वर्षं मी त्या उत्तराला त्याज्य म्हणत आले. ते तिथं होतं. मी म्हटलं, इथं कोण उभं राहतं? कोणी हलेना. एकजण पुटपुटला, "तिथी सर हायेत."

मग मीच जाऊन उभी राहिले.

काय सांगू तुला, त्या जागेवरून सगळं उलटं दिसतं. 3 वरची ती पोट्टी समोर हसत उभी, आणि माझ्या मनात तुझं ते वजा लावलेलं समीकरण. त्यात 3 टाकला की डावीकडे −3 येतात, उजवीकडे 3, नाही जमत. खालच्या गावातून ताळा केला तर वरचं उत्तर खोटं. तिकडच्यांना भूत आपण. पोरांना म्हटलं, वहीत लिहा, −2 आपल्या गावचं नाही. त्याज्य लिहायचं नाही. एकीनं विचारलं, बाई, परीक्षेत चालंन? म्हटलं, मी तपासते तोवर चालेल. तू जिंकलास, घे. पण कमची पूर्ण आणायला मी सांगितली होती, हे विसरू नकोस. निम्मं माझं.

त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जाईना. अकराव्या दगडावर आधी हाक कोणी मारली होती? मी. किती वेळा? एकदाच.

काल संध्याकाळी एसटी सोडून दिली आणि गोमाजीभाऊंना म्हटलं, अकराव्या दगडावर चला. ते म्हणाले, "बाई, काऊन जिवावर उदार होता?" पण आले. गाडी मात्र चालू ठेवून, तोंड शाळेकडं करून उभे राहिले. मोहाचं झाड तसंच. रस्त्यावर कोणी नाही. सागाच्या रानाकडं तोंड करून मी आधी तुझं देणं दिलं. मोठ्यानं म्हटलं, "ओ!" भाऊंनी गाडीवर बसल्या बसल्या कानांवर हात ठेवले.

काही झालं नाही. पान वाजलं नाही.

कसं वाजेल? तू तुझ्या आजीचा नातू. त्या संध्याकाळी तिन्हीसांजेला तुला तुझ्या नावाची एकच हाक आली होती, दुसऱ्या गावातून. तू हलक्यानं विचारून पाहिलंस, "बाई?" आणि गप उभा राहिलास, दुसरीची वाट पाहत. जसं पोट्ट्यांना शिकवलंस तसंच. तिकडं तू उभा, इकडं मी उभी, दोघंही शहाणे, दोघंही ताळा करत. आणि दुसरी हाक मारायचं कोणालाच सुचलं नाही.

भाऊ म्हणत होते, चला बाई, अंधार पडून राह्यला. मी छाती भरून श्वास घेतला नि ओरडले, "सोमा!" ही दुसरी होती. आवाज रानात शिरला, परत आला नाही. आणि शोकसभेपासून गळ्यात अडकलेला तो शब्द काल सुटला, रडत रडत सुटला.

ओ दे, मेल्या.